संगीत-संशोधनातल्या नवोदितांना चार भेटींची हमी: एक प्रकरण अभ्यास

भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. कान तयार असलेल्या श्रोत्याला मात्र दोन-चार आलापांतच कळतं की हा देशकार आहे. धैवतावरचा मुक्काम आणि उत्तरांगाकडचा, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागाकडचा, ओढा यांतून तो उभा राहतो. हे ओळखणं संगणकाला निव्वळ ध्वनिमुद्रणावरून जमेल का, असा प्रश्न घेऊन एखादी मुलगी पीएचडीला बसली, तर तिने बोलायचं कोणाशी? इंजिनिअरिंगच्या विभागात फूरिए ट्रान्सफॉर्म (आवाजातली कंपनं वेगळी काढणारं गणित) सगळ्यांना येतो, पण देशकारातल्या धैवतावर वाद घालायला कोणी नसतं. संगीत विभागात तो वाद घालणारे पुष्कळ, पण स्वररेषेचा आलेख बघून "तुझी विंडो (एका वेळी मोजायचा आवाजाचा तुकडा) फार लांब आहे, म्हणून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) पुसली गेली" असं सांगणारं कोणी नसतं. दोन्हीकडची माणसं चांगली असतात. तिचा प्रश्न मात्र दोन्हीकडे अर्धाच पोचतो.

या क्षेत्राला म्युझिक इन्फर्मेशन रिट्रीव्हल म्हणतात, बोलताना एमआयआर. फोनसमोर गाणं धरलं की त्याचं नाव सांगणारं अ‍ॅप हा त्याचा घराघरात पोचलेला नमुना. पण त्याच्या पोटात आणखी बरंच काही येतं: ठेक्यातून सम शोधणं, तानपुऱ्याच्या झंकारातून गायकाचा स्वर वेगळा काढणं, हजारो तासांच्या ध्वनिमुद्रणांतून सारख्या चाली हुडकणं. इथे इंजिनिअर आहेत, गायक-वादक आहेत, ग्रंथपाल आहेत, मानसशास्त्रज्ञ आहेत. या विषयाचा स्वतंत्र विभाग मात्र बहुतेक विद्यापीठांत नसतो. त्यामुळे आपल्यासारखी माणसं भेटण्याची हक्काची जागा म्हणजे वर्षातून एकदा भरणारी परिषद.

ती परिषद म्हणजे इस्मिर. २००० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात प्लिमथ इथे ती पहिल्यांदा भरली, आणि २००८ मध्ये तिच्यामागे त्याच नावाची रीतसर संस्था उभी राहिली. या परिषदेत नवख्या संशोधकांना, विशेषतः स्त्रियांना, आधार देणारी विमिर नावाची जी व्यवस्था तयार झाली, तिचा हा अभ्यास. विमिर म्हणजे विमेन इन म्युझिक इन्फर्मेशन रिट्रीव्हल. मला हे प्रकरण निवडावंसं वाटलं, कारण तिथे सदिच्छेवर भागवलेलं नाही. कोणी, कोणाला, किती वेळ, किती महिने द्यायचा हे ठरवलेलं आहे. आधार देण्याच्या गप्पा आपल्याकडे खूप होतात. त्याचं वेळापत्रक फार थोड्या ठिकाणी सापडतं.

मनमिळाऊ परिषद, तरीही

इस्मिर ही अवाढव्य परिषद नाही. लोक काही शेकड्यांत मोजता येतात. एकाच दालनात सगळे एकच सत्र ऐकतात, त्यामुळे तीन दिवसांत निम्मे चेहरे ओळखीचे होतात. संध्याकाळी कोणी गिटार काढतं, कोणी पियानोवर बसतं. निबंध सगळ्यांना फुकट वाचता येतात. अशा ठिकाणी वेगळ्या आधाराची गरज काय, असं आतल्या माणसाला सहज वाटू शकतं, आणि प्रामाणिकपणे वाटतं.

पण मनमिळाऊपणाचा लाभ मिळतो तो तिथवर पोचलेल्याला. २०११ साली मायामीच्या परिषदेत तिथे आलेल्या स्त्रियांचं अनौपचारिक जमणं सुरू झालं, आणि विमिरची सुरुवात तिथून धरली जाते. त्या जमण्याचं मोल मी कमी मानत नाही. दालनात आपल्यासारख्या किती जणी आहेत हे नुसतं दिसलं तरी पहिल्यांदा आलेल्या विद्यार्थिनीला बळ येतं. तरीही मायामीला पोचायला आधी निबंध स्वीकारला जावा लागतो, मग विमानाचं तिकीट, मग व्हिसा, मग परिषदेचं शुल्क. जिला सगळ्यात जास्त आधार हवा ती त्या वेळी कुठल्यातरी प्रयोगशाळेत एकटी बसून पहिल्या निबंधाचा पहिला मसुदा खोडत असते. त्या जमण्यापर्यंत तिचं नावसुद्धा आलेलं नसतं.

२०१६ साली न्यूयॉर्कच्या इस्मिरमध्ये हाँगकाँग विद्यापीठाच्या शाओ हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास मांडला. २००० ते २०१५ या काळात परिषदेत छापले गेलेले सगळेच्या सगळे १,६१० निबंध त्यांनी घेतले. लेखक होते १,९१०. प्रथम लेखक स्त्री आहे असे निबंध निघाले फक्त १४.१ टक्के. वर्षांमागून वर्षं हे प्रमाण सुधारलेलं दिसलं नाही. शेवटच्या थोड्या वर्षांत सहलेखक म्हणून स्त्रियांची नावं तेवढी जास्त दिसू लागली होती.

हा आकडा पुढे बऱ्याच ठिकाणी उद्धृत झाला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सर्वाधिक लिहिणाऱ्या स्त्रिया आणि सर्वाधिक लिहिणारे पुरुष यांच्या निबंधांची संख्या जवळपास सारखीच होती. प्रथम लेखक स्त्री असो वा पुरुष, त्या निबंधांना मिळालेल्या उल्लेखांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे आत येऊन टिकलेली स्त्री कमी लिहीत नाही, आणि तिचं लिहिलेलं कमी वाचलंही जात नाही. मी त्याचा अर्थ असा लावते: अडचण कामाच्या दर्जात नाही, ती दारात आहे. पहिला निबंध लिहीपर्यंतच्या आणि तो परत आल्यावर दुसऱ्यांदा पाठवेपर्यंतच्या काळात माणसं गळतात. त्या अभ्यासाने हे शब्दांत म्हटलेलं नाही, ते माझं वाचन आहे. पण विमिरची पुढची सगळी पावलं नेमकी त्याच काळाकडे वळलेली दिसतात.

चार तास

२०१६ मध्येच विमिरने मेंटॉरिंगचा उपक्रम सुरू केला. रचना अगदी साधी. ज्याला मार्गदर्शन हवं तो नाव नोंदवतो, ज्याला द्यायचं तोही नोंदवतो. आयोजक जोड्या लावतात. प्रत्येक जोडीने पुढच्या काही महिन्यांत चार वेळा, साधारण तासभर, दुरून, म्हणजे व्हिडिओ कॉलवर बोलायचं. एवढंच. मेंटॉर विद्यापीठातलाच असावा लागत नाही. उद्योगात काम करणारेही येतात. तो स्त्रीच असावा असंही नाही.

ही शेवटची मोकळीक वरवर किरकोळ वाटते, पण तिच्यामागे हिशेब आहे. स्त्रियांनी स्त्रियांनाच मार्गदर्शन करायचं असं ठरलं असतं, तर सगळा भार त्याच मोजक्या ज्येष्ठ स्त्रियांवर पडला असता. आधीच प्रत्येक समितीत, प्रत्येक परीक्षक मंडळात "एक स्त्री हवी" म्हणून त्यांनाच बोलावलं जातं. त्यात हे आणखी एक काम, तेही बिनपगारी. मेंटॉर कोणीही होऊ शकतो म्हटल्यावर हे काम सगळ्या समाजाचं झालं. शिवाय मार्गदर्शन करणाऱ्या पुरुषांनाही चार तास ऐकावं लागलं, ही त्यातली जमेची बाजू. परिषदेच्या निवड समितीत बसणारा माणूस एखाद्या विद्यार्थिनीकडून तिच्या वर्षाची हकीकत ऐकतो, तेव्हा त्याचं शिक्षणही होत असतं.

भेटी चारच का? माझ्या मते यात या रचनेचं खरं शहाणपण आहे. "कधीही फोन कर, काही लागलं तर सांग" हे आपल्याकडचं नेहमीचं आश्वासन मनापासून दिलेलं असतं, आणि ते जवळजवळ कधीच वापरलं जात नाही. नवखी मुलगी फोन करत नाही. आपला प्रश्न तेवढा मोठा आहे का, हे तिला ठरवता येत नाही. आज केला तर उद्या पुन्हा कसा करायचा, असं वाटतं. चार भेटी ठरलेल्या असल्या की मागण्याचं ओझं उतरतं. दुसऱ्या भेटीला बोलायला काही नसलं तरी भेट होतेच, आणि अशाच भेटीत कधीकधी खरी गोष्ट निघते. मेंटॉरलाही ठाऊक असतं की आपण आयुष्यभराची जबाबदारी घेत नाही आहोत. त्यामुळे एरवी नाही म्हणाली असती अशी कामात बुडालेली माणसंही हो म्हणतात. पुढे कोणाचं नातं टिकलं तर उत्तमच. ते टिकलंच पाहिजे अशी अपेक्षा कोणावर लादलेली नसते.

या भेटींत साधारण काय बोललं जातं, याची कल्पना करायला कठीण नाही. परीक्षकांनी निबंध नाकारला, त्यातली कुठली टीका मनावर घ्यायची आणि कुठली सोडायची. गाईड सहा महिने मसुदा वाचत नाही, त्याला आठवण कशी करायची. कंपनीत इंटर्नशिप मिळते आहे, पण त्यात प्रबंध लांबेल. मूल होऊ द्यायचं आहे, मग पोस्ट-डॉकचं काय. यातला एकही प्रश्न संगीताचा नाही आणि गणिताचाही नाही, तरी संगीताचं संशोधन अशाच प्रश्नांवर अडतं. ते विचारायला असं माणूस लागतं ज्याला क्षेत्र माहीत आहे, पण ज्याच्या हातात तुमचं काही नाही.

हे मला फार मोलाचं वाटतं. गाईडच्या हातात तुमची सही असते, शिष्यवृत्तीचा अहवाल असतो, पुढच्या नोकरीचं शिफारसपत्र असतं. तो कितीही प्रेमळ असला तरी त्याच्यासमोर "मला काही कळेनासं झालंय" म्हणणं सोपं नसतं. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या संस्थेतल्या मेंटॉरला ते म्हणता येतं. चार भेटींनंतर त्याचं-तुमचं देणंघेणं संपतं, आणि त्यामुळेच खरं बोलता येतं.

जोड्या लावणं हे मात्र जिकिरीचं काम. कोणाला कोणाजवळ बसवायचं हे नुसत्या विषयावरून ठरत नाही. वेळेचा फरक बघावा लागतो. मेंटीला, म्हणजे मार्गदर्शन घेणाऱ्या व्यक्तीला, विद्यापीठात राहायचं आहे की कंपनीत जायचं आहे, हे बघावं लागतं. एकाच प्रयोगशाळेतली दोघं समोरासमोर येणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. हे करणारे स्वयंसेवक स्वतः संशोधक आहेत, आणि त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात या तासांचा रकाना नाही.

पॅरिस, सप्टेंबर २०१८

२३ ते २७ सप्टेंबर २०१८ या दिवसांत इस्मिर पॅरिसला भरली. लगेच दुसऱ्या दिवशी, २८ तारखेला, गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय कंपनीच्या तिथल्या कार्यालयात विमिरची पहिली कार्यशाळा झाली. सगळ्यांना खुली, शुल्क नाही. अनुभवी संशोधकांनी एकेक छोटा प्रकल्प आणला होता. जमलेले लोक गटांत बसले आणि दिवसभर त्यावर काम केलं. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला हाच क्रम चालू राहिला.

भाषणं ऐकून ओळख होते ती वरवरची. शेजारी बसून एकाच डेटावर हात घातला की समजतं, हा माणूस अडकल्यावर काय करतो, आणि त्यालाही अडकायला होतं. ज्या प्राध्यापिकेचे निबंध वाचून आपण हा विषय घेतला, तिलाही सॉफ्टवेअरच्या लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही म्हणून पंधरा मिनिटं खटपट करावी लागते, हे बघणं नवख्या माणसाला पुष्कळ काही शिकवून जातं. मेंटॉरिंगच्या चार तासांत हे होत नाही.

पण पॅरिसमध्ये आणखी एक गोष्ट घडली, जिचा विमिरशी थेट संबंध नव्हता, आणि तरी नवोदितांच्या दृष्टीने मी तिला तेवढंच वजन देते. बहुतेक परिषदांत थोडे निबंध व्यासपीठावरून वाचले जातात आणि बाकीचे पोस्टरच्या दालनात टांगले जातात. कोण वर आणि कोण खाली, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना दिसतं. पॅरिसमध्ये ही उतरंड काढून टाकली. प्रत्येक निबंधाला व्यासपीठावर चार मिनिटं, आणि मग प्रत्येकाला पोस्टर. नामवंत प्रयोगशाळेच्या प्रमुखाला चार मिनिटं आणि पहिला निबंध घेऊन आलेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्यालाही चारच. त्या चार मिनिटांत सगळ्या सभागृहाने त्याचा चेहरा पाहिलेला असतो, त्यामुळे नंतर पोस्टरजवळ लोक येतात. एरवी पोस्टरच्या दालनात नवखा मुलगा कोपऱ्यात उभा राहतो आणि लोक ओळखीच्या नावांकडे जातात. कुठलाही उपदेश न करता, फक्त वेळ सारखा वाटून, ही गोष्ट बदलली.

पैशाचा भाग थोडक्यात सांगते. विमिरच्या नावाने उद्योगांकडून प्रायोजकत्व येतं, आणि त्यातून प्रवासाची अनुदानं दिली जातात. मदत खरी आहे. तिच्याशिवाय कित्येकींना परिषद बघायला मिळाली नसती. पण पैसे देणाऱ्या कंपन्या याच क्षेत्रातल्या मोठ्या नोकरदात्याही आहेत. नवोदितांच्या आधाराचा खर्च बराचसा त्यांच्याकडून येत राहिला, तर कंपन्यांना ज्या विषयांत रस नाही, उदाहरणार्थ लोकसंगीताची किंवा जुन्या ध्वनिमुद्रणांची जपणूक, त्यांकडे वळणाऱ्याला हाताशी कोण धरेल, याचा विचार विद्यापीठांनी करायला हवा. कंपन्यांनी तो करावा अशी अपेक्षा चुकीची आहे.

बंगळुरूपर्यंत

२०२० ची इस्मिर माँट्रियालला व्हायची होती. कोविडमुळे ती ऑनलाइन झाली. आयोजकांनी सत्रं दोन वेगवेगळ्या वेळांना ठेवली, म्हणजे वेगवेगळ्या खंडांतल्या लोकांना जागेपणी हजर राहता यावं. ज्या देशांतल्या विद्यार्थ्यांना एरवी व्हिसाच्या रांगेतच वर्ष काढावं लागतं, त्यांच्यासाठी परिषद पहिल्यांदाच इतकी जवळ आली. विमिरला दुरून भेटण्याची सवय चार वर्षं आधीपासून होती, त्यामुळे तिचं काम खंडित होण्याचं कारण नव्हतं.

पुढे आणखी एक उपक्रम जोडला गेला, इस्मिरमध्ये पहिल्यांदा निबंध पाठवणाऱ्यांसाठी. निबंध पाठवण्याच्या तारखेआधी त्यांचा जवळजवळ तयार मसुदा अनुभवी लेखक वाचतो आणि सूचना देतो. एकदाच, एका मसुद्यापुरतं. हा मेंटॉरिंगहून वेगळा आधार आहे. तिथे माणसाच्या वाटचालीबद्दल बोललं जातं, इथे पानावरच्या ओळींबद्दल. परीक्षण नावं झाकून होतं, त्यामुळे नवख्याला नावाचा तोटा होत नाही. पण निबंध कसा बांधायचा, कुठल्या जुन्या कामाचा उल्लेख केल्याशिवाय परीक्षक पुढे वाचतच नाही, हे अलिखित ज्ञान नावं झाकून मिळत नाही. मोठ्या प्रयोगशाळेत ते चहाच्या टेबलावर मिळतं. ज्याच्याकडे तसं टेबल नाही, त्याला ते असं द्यावं लागतं.

४ ते ८ डिसेंबर २०२२ या दिवसांत इस्मिर पहिल्यांदा भारतात भरली, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. तिच्या प्रमुखांमध्ये आयआयटी मुंबईच्या प्रा. प्रीती राव आणि आयआयटी मद्रासच्या प्रा. हेमा मूर्ती होत्या. हे अचानक झालेलं नाही. २०११ पासून बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात शाविएर सेरा यांनी कॉम्पम्युझिक हा मोठा प्रकल्प चालवला. त्याला युरोपीय संशोधन परिषदेचं अनुदान होतं. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम, उत्तर आफ्रिकेतल्या मगरिब भागातलं अंदालुसी संगीत आणि पेकिंग ऑपेरा अशा पाच परंपरा त्यांनी अभ्यासाला घेतल्या. पाश्चात्य संगीतावर घडवलेली साधनं या परंपरांना लावली की कुठे तुटतात, हे पाहणं हाच त्याचा गाभा होता. पवई आणि चेन्नईच्या प्रयोगशाळा त्यात होत्या, आणि तरुण संशोधकांची एक पिढी या देवाणघेवाणीत तयार झाली.

आधार देणारा समाज कसा तयार होतो, याचं कॉम्पम्युझिक हे दुसरं उत्तर आहे, आणि विमिरच्या उत्तराला पूरक आहे. विमिर माणसाला माणूस जोडून देते. कॉम्पम्युझिकने सामायिक डेटा दिला: ध्वनिमुद्रणं, त्यांवरच्या नोंदी, सगळ्यांना वापरता येतील असे संग्रह. भूप-देशकारचा प्रश्न घेऊन बसलेल्या मुलीला पहिली दोन वर्षं ध्वनिमुद्रणं गोळा करण्यात आणि त्यांवर सम, स्वर, लय यांच्या खुणा करण्यात घालवावी लागली नाहीत, तर तीही मदतच आहे, आणि कधीकधी मेंटॉरपेक्षा मोठी.

जे अजून हाताला लागलेलं नाही

विमिरचं यश मोजायचं कसं, हा अवघड भाग आहे. मेंटॉरिंगला नाव नोंदवणाऱ्या मुली मुळातच धडपड्या असतात. त्यांच्यातल्या कितीजणी या भेटींमुळे टिकल्या आणि कितीजणी एरवीही टिकल्या असत्या, हे सांगणं कठीण आहे. म्हणून प्रथम लेखक स्त्रियांचा टक्का पुढेमागे वाढलेला दिसला, तरी त्याचं सगळं श्रेय या उपक्रमाला देणारं विधान मी करणार नाही. माझा विश्वास त्याच्या रचनेवर आहे.

दुसरं म्हणजे भाषा. चार भेटी इंग्रजीत होतात. जिला निबंध इंग्रजीत लिहिता येतो पण स्वतःबद्दल इंग्रजीत बोलता येत नाही, अशा मुलीला त्या चार तासांतले पहिले दोन नुसते धीटपणा गोळा करण्यात जातात. जागतिक परिषदेला यावर फारसा इलाज नाही.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त खुपतं. स्त्रियांसाठी आत येण्याची वाट थोडी रुंद झाली. पण ज्यांच्या आवाजावर हे संशोधन चालतं, ते गायक-वादक आणि लोककलावंत या समाजात डेटाच्या रूपाने असतात, सदस्य म्हणून क्वचित. एखाद्या शाहिराच्या घरातला मुलगा पोवाड्याच्या लयीवर संशोधन करू म्हणेल, तर त्याला आधाराची गरज विमिरच्या कुठल्याही मेंटीहून कमी नाही. नोंदणीचा अर्ज त्याच्यापर्यंत पोचेल अशी वाट मात्र अजून तयार झालेली नाही.

आपल्याकडे हे कसं बसेल

महाराष्ट्रात संगीताचं संशोधन होत नाही असं अजिबात नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा, एसएनडीटीचा, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. अशोक दा. रानडे यांनी मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक म्हणून आणि पुढे मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत संगीतशास्त्राकडे गंभीरपणे बघणारी माणसं घडवली. अशा मोठ्या माणसाभोवती तरुण जमतात, त्याच्या घरच्या बैठकीत शिकतात. यातून झालेलं काम थोर आहे. पण तो माणूस थकला किंवा गेला की जमण्याची जागाही जाते. रानडे २०११ साली गेले. विमिरचं पहिलं जमणंही त्याच वर्षातलं. एक एका व्यक्तीच्या व्यासंगावर उभं होतं, दुसरं स्वयंसेवकांच्या पाळीवर उभं राहिलं. आपल्याला दोन्ही हवेत, आणि दुसऱ्याची उणीव जास्त आहे.

शिवाय आपल्या संगीत-संशोधकाच्या डोक्यावर दोन छत्रं असतात. एक गुरूचं, एक गाईडचं, आणि कधीकधी ती एकाच व्यक्तीच्या हातात असतात. दोन्ही सावली देतात, पण दोन्हींखाली उभं राहून त्यांच्याबद्दल बोलता येत नाही. यूजीसीच्या नियमांप्रमाणे दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे जावं लागतं खरं; पण ती समिती प्रगती तपासते, तिथे अडचण सांगितली तर ती अहवालात जाईल ही भीती असते. त्यामुळे कोल्हापुरात लावणीवर काम करणाऱ्या मुलीला नागपूरची किंवा गोव्याची एखादी मेंटॉर मिळावी, जिला ती "ताई" म्हणेल आणि जिच्या सहीवर तिचं काही अवलंबून नसेल, ही गोष्ट आपल्याकडे परदेशाहूनही जास्त उपयोगाची आहे. मराठीत बोलता येईल, हा वेगळा फायदा. लंडन, न्यू जर्सी, सिंगापूर इथल्या विद्यापीठांत आणि कंपन्यांत ध्वनीवर काम करणारी मराठी माणसं आहेत. चार तास मागितले तर त्यांतली बरीच देतील, असं मला खात्रीने वाटतं, कारण मागणी मर्यादित आहे.

पहिली फेरी करायची तर ती लहान असावी. पंधरा जोड्या पुरेत. संगीत विभागातले आणि इंजिनिअरिंगमधले संशोधक मुद्दाम आडवे जोडावेत, म्हणजे धैवताचा वाद आणि विंडोची लांबी एकाच टेबलावर येतील. अर्जात विषयाआधी "तुम्हाला सध्या कशाचं ओझं वाटतं" असा रकाना असावा, आणि तो अर्ज मराठीत असावा. पीएचडीला नाव घातलेलं असण्याची अट नको. विशारद झालेला, पदवी अर्धवट राहिलेला, पण गावातल्या भजनी मंडळाची शंभर ध्वनिमुद्रणं जमवून बसलेला माणूसही चालावा. मेंटॉर त्याच विद्यापीठातला नसावा, हा नियम मात्र कोणासाठीही मोडू नये. भेटी दिवाळीनंतर सुरू करून मार्चच्या आत संपवाव्यात, कारण एप्रिल-मे परीक्षांत जातात आणि तेव्हा कोणी कोणाला भेटत नाही.

जोड्या लावायला निदान दोघं लागतील, आणि त्यांना ते काम नीट करायला महिनाभर तरी संध्याकाळी बसावं लागेल. ती दोघं बहुधा साहाय्यक प्राध्यापकच असणार, म्हणजे स्वतःही नवोदितच. त्यांच्या विभागाने त्या सत्रापुरतं त्यांचं उत्तरपत्रिका तपासण्याचं काम दुसऱ्यांकडे द्यावं आणि हे तास त्यांच्या पदोन्नतीच्या अर्जात मोजावेत. हे लेखी झाल्याशिवाय पहिली फेरी जाहीर करू नये.